आईचा भार कोण उचलतो? लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याकडे पाहताना



घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही वस्त्यांमधून फिरतो, तेव्हा एक चित्र आम्हाला वारंवार दिसते. उंबऱ्याजवळ आई बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, बोटे विड्या वळण्यात गुंतलेली. एक मूल पाठीला टेकून अभ्यास करते, दुसरे शेजारी झोपलेले असते. आत कुकरची शिट्टी होते. आम्ही दारात दिसताच ती सूप बाजूला ठेवते, पदर सावरते आणि चहा टाकायला उठते. कशी आहेस, असे विचारले तर बरी आहे म्हणते. आम्ही चहा पितो, प्रार्थना करतो आणि पुढच्या घरी जातो. ती रात्री किती वाजता झोपली, हे आम्ही विचारत नाही. हजार विड्यांचा हिशोब पुरा व्हायचा असतो आणि आमच्या भेटीने तिचा अर्धा तास गेलेला असतो, हेही पुष्कळदा आमच्या ध्यानात येत नाही.

आईच्या त्यागावर आम्ही धर्मगुरू भरपूर बोलतो. मात्र तो त्याग थोडा हलका कसा होईल, यावर क्वचितच बोलतो. म्हणून या रविवारी आपण एका आईच्या आयुष्याकडे पाहू या. मराठी साहित्यात तिचे नाव मोठे आहे आणि तिच्या आयुष्यातला एक कठीण काळ आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात गेला आहे. ती आई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्या कॅथलिक नव्हत्या. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत त्या ख्रिस्ती झाल्या. परंतु आईपणाचा भार पंथ पाहून कमीजास्त होत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिक जिल्ह्यातील जलालपूर या गावच्या गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. १८५७ च्या बंडाच्या काळात त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर मनूचे वडील सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकात सापडले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, इथपर्यंत मजल गेली. असे घर चालवायचे म्हणजे बाईमाणसांनी किती पाणी भरायचे आणि किती बोलणी खायची, याची कल्पना करावी. एका माणसाच्या मनाचा तोल गेला आणि तो सांभाळण्याचे काम सगळ्या घरावर, विशेषतः त्या घरातल्या आईवर आले. छोट्या मनूने आईपण पहिल्यांदा पाहिले ते असे.

वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळक कवी होते, विद्वान होते, मनाने अतिशय उदार होते. स्वभाव मात्र तापट आणि लहरी. मनात आले की घर सोडून निघायचे आणि हातात पैसा आला की जो पहिला गरजू भेटेल त्याला देऊन टाकायचा. नोकरीही एका जागी फार काळ टिकत नसे. अशा माणसाबरोबर संसार मांडायचा म्हणजे रोज नव्याने चूल पेटवण्यासारखे होते. लक्ष्मीबाई कधी माहेरी, कधी सासरी, कधी नवऱ्यामागून दूरच्या गावी अशा फिरत राहिल्या. मुले झाली, पण बालपणीच गेली. दत्तू तेवढा राहिला.

शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. टिळकांनीच त्यांना अक्षरे शिकवली. हीसुद्धा त्या संसाराचीच एक बाजू होती आणि ती सांगितली नाही तर टिळकांवर अन्याय होईल. ज्या काळात बायकोला वाचता येणे हा घराला कलंक वाटे, त्या काळात या नवऱ्याने तिच्या हाती पाटी दिली. जोडाक्षरे त्यांना जन्मभर नीट जमली नाहीत, पण एवढ्या अक्षरांतून पुढे काय उभे राहिले, ते आपण पाहणार आहोत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट नेहमी टिळकांच्या बाजूने सांगतो. त्यांचे धैर्य, त्यांची सत्यनिष्ठा, त्यांनी सोसलेला बहिष्कार, हे सारे खरे आहे. आज जरा दुसऱ्या बाजूला उभे राहू या. एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई आहे. पदरी लहान मुलगा आहे. नवरा जिवंत आहे, पण त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने तिने त्याच्या घरी जाता कामा नये. सधवाही नाही आणि विधवाही नाही, अशा जागी ती उभी आहे. हाताशी पैसा नाही आणि शिक्षण नावापुरते. जो येतो तो सल्ला देतो. कोणी रडतो, कोणी टिळकांना शिव्या देतो, कोणी तिलाच बोल लावतो. मुलाला भूक मात्र वेळेवर लागते.

अशा वेळी तिला बहिणीने जवळ केले. थोरली बहीण भिकूताई आणि तिचे यजमान नानासाहेब पेंडसे यांनी लक्ष्मीबाईंना आणि दत्तूला आधार दिला. त्यांच्याच आश्रयाने लक्ष्मीबाई पंढरपुरात राहिल्या. आज सोलापूरहून एसटीने दीड-दोन तासांत आपण जेथे पोहोचतो, तेथे ही आई आपल्या मुलाला घेऊन दिवस काढत होती.

बहिणीच्या घरच्यांनी त्या वेळी काय केले, हे नीट पाहावे. त्यांनी प्रश्न सोडवला नाही. तो त्यांच्या हातात नव्हताच. टिळकांचा धर्मबदल त्यांना पटलेला नव्हता. समाजाची नजर त्यांच्याही घराकडे लागली असणार. तरी त्यांनी आधी पानावर वाढले, आधी अंथरूण दिले आणि मुलाकडे पाहिले. कोण चुकले, याचा निवाडा होईपर्यंत त्या मायलेकांना दारात उभे ठेवले नाही. आपल्या घरांत पुष्कळदा उलटे होते. माहेरी परत आलेल्या मुलीची आधी उलटतपासणी होते आणि मग तिला पाणी मिळते.

टिळकांनी पत्नीचा नाद सोडला नव्हता. पत्रे येत राहिली, भेटीगाठीही झाल्या. काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनी निर्णय घेतला आणि मुलाला घेऊन त्या टिळकांकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेल्या. गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपला धर्म त्यांनी सोबत नेला आणि टिळकांनीही तो मानला. एरवी तापट असलेल्या टिळकांनी पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत दाखवलेला हा संयम आम्हाला फार मोलाचा वाटतो. तिच्या मनावर त्यांनी जबरदस्ती केली नाही. वेगळी चूल चालू दिली. त्या मोकळ्या जागेत लक्ष्मीबाईंचे मन आपल्या गतीने हलले. जातीपातीचे भेद देवाने केलेले नसून माणसांनी केलेले आहेत, या निष्कर्षाला त्या स्वतः विचार करून आल्या. त्या विटाळ मानीनाशा झाल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा स्वातंत्र्यावरची जाडजाड पुस्तके वाचली होती. पण एका माणसाने दुसऱ्याला विचार करायला वेळ देणे हेच स्वातंत्र्याचे घरगुती रूप आहे, हे लक्ष्मीबाईंच्या चरित्रातून आम्हाला अधिक कळले. आईला आधार द्यायचा म्हणजे नुसते पैसे आणि धान्य द्यायचे असे नाही. तिचे स्वतःचे मन आहे, त्या मनाला थोडी जागा लागते, हे घराने मान्य करणे हाही आधारच आहे.

पुढच्या वर्षांत टिळकांच्या घराला धर्मशाळेचे रूप आले. दुष्काळाचे आणि प्लेगचे ते दिवस होते. अनाथ, उपाशी, शिकायला आलेली, कोठेच ठिकाण नसलेली मुले या घरात येत राहिली. तारा नावाच्या मुलीला त्यांनी आपली लेक म्हणून वाढवले. बालकवी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते त्र्यंबक बापूजी ठोमरेही काही काळ याच घरात राहिले. टिळकांनी त्यांच्या काव्याला वळण लावले, हे अभ्यासक सांगतात. त्यांच्या जेवणाखाण्याची आणि दुखण्याखुपण्याची काळजी कोणी घेतली, हे सांगण्याची गरज आपल्याला वाटत नाही. बालकवी १९१८ साली रेल्वेच्या अपघातात गेले, तेव्हा त्या घराने एक मुलगाच गमावला.

मुलांना घरी आणणारे टिळक आणि त्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या लक्ष्मीबाई, अशी ती विभागणी होती. पगार येई आणि वाटेतच संपे. त्यातून इतक्या तोंडांची व्यवस्था लावायची, आजाऱ्यांची उशागत धरायची, प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करायची. लक्ष्मीबाईंनी हे केले, पण मुकाट्याने केले असे नाही. त्या भांडत, रुसत, टिळकांना सुनावत आणि नंतर स्वतःलाच हसत. आमच्या मते त्यांचा तोल टिकला तो या हसण्यामुळे आणि बोलण्यामुळे. त्यांनी मनात काही साठवून ठेवले नाही. आपल्या धर्मग्रामातील मातांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. दमले आहे असे म्हणणे म्हणजे तक्रार करणे नव्हे, आणि श्रद्धा कमी असल्याचे लक्षण तर मुळीच नव्हे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार स्थापन केला. विचार मोठा होता, पण ठरलेले उत्पन्न गेले. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. ज्या माणसाच्या लहरीवर सारा संसार हेलकावत होता, तो माणूसच गेला. अनेक बायकांचे आयुष्य येथे थांबते. घरातल्या कोपऱ्यात जपमाळ, नातवंडे आणि औषधाच्या पुड्या, एवढेच उरते.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तसे झाले नाही आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्या मुलाला द्यावे लागते. लहानपणी ज्याला घेऊन त्या पंढरपुरात राहिल्या, तो दत्तू आता देवदत्त नारायण टिळक झाला होता. वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून त्याने आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. आई लिहू लागली. मुलाच्या ध्यानात आले की ही नुसती चरित्राची सामग्री नाही, आईचा स्वतःचा आवाज आहे. आईचे लेखन त्याने आपल्या चरित्रासाठी वापरून संपवले नाही. ते तिच्याच नावाने ‘संजीवनी’ या नियतकालिकात छापले. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभे राहिले. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. जोडाक्षरांशी जन्मभर झगडलेल्या बाईचे हे पुस्तक आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि २०१७ साली शांता गोखले यांनी ते पुन्हा नव्याने इंग्रजीत आणले.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे प्रभू येशूवरील महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. तेही लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि ६४ अध्याय लिहून पुरे केले. नवऱ्याने हाती दिलेल्या पाटीचे ऋण त्यांनी असे फेडले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांनी देह ठेवला.

या आयुष्यातून आम्ही काय घ्यावे? लक्ष्मीबाई फार सोशिक होत्या, आजच्या बायकांनीही तसेच सोसावे, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. त्या उभ्या राहू शकल्या, कारण पडण्याच्या प्रत्येक वेळी कोणीतरी हात दिला. बहिणीने छप्पर दिले. नवऱ्याने अक्षर दिले आणि मनाला मोकळीक दिली. मुलाने कागद दिला आणि आईच्या शब्दांची किंमत ओळखली. जेथे हात मिळाला नाही, तेथे त्यांची फरफटच झाली, हेही त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. आईने घर आणि काम यांचा तोल सांभाळावा, असे आपण सहज बोलतो, जणू ती एकटीने दोरीवरून चालणारी डोंबारीण आहे. तराजू तरी एका पारड्याने कधी तोलला जातो का? घरात तोल राहायचा तर दुसऱ्या पारड्यातही कोणीतरी वजन टाकावे लागते.

निर्गमाच्या पुस्तकातील एक प्रसंग आपल्याला माहीत आहे. लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात उंच करून उभा होता. हात वर असले की इस्राएल जिंके, खाली आले की हरू लागे. मोशेचे हात थकले. त्याची श्रद्धा कमी पडली म्हणून नव्हे, तर माणसाचे हात थकतातच. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला दगड दिला आणि दोन बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. कोणीही मोशेला आणखी जोर लाव असा उपदेश केला नाही. आपल्या घरात आईचे हात थकतात तेव्हा आपण दगड देतो की उपदेश?

संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाची व्याख्या साधी केली आहे. ज्याचे जे आहे ते त्याला देत राहण्याची दृढ इच्छा म्हणजे न्याय. आईला मदत करणे हे आपण उपकार समजतो. एखाद्या दिवशी भांडी घासली की आठवडाभर त्याचा उल्लेख करतो. जिची झोप, जिचे जेवण, जिचा वेळ आपण वर्षानुवर्षे वापरला, तिला त्यातले थोडे परत करणे हा न्याय आहे, दया नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे बोलतो. आपल्या धर्मग्रामात विड्या वळणाऱ्या माता आहेत, चादर-टॉवेलच्या कारखान्यांत जाणाऱ्या आहेत, परिचारिका आणि शिक्षिका आहेत, आणि ज्यांच्या कामाला कोणी काम म्हणत नाही अशा घरी राबणाऱ्याही आहेत. ज्या नोकरी करतात त्यांनी कायदा माहीत करून घ्यावा. २०१७ पासून कायद्याप्रमाणे पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आहे. वस्तीतील अंगणवाडी गरोदर आणि स्तनदा मातांसाठीही असते, तिचा उपयोग करावा. बाळंतपणानंतर एखादी सून आठवडे न् आठवडे उदास असेल, झोपत नसेल, बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नसेल, तर तिला नाटकी म्हणू नये आणि नुसती प्रार्थना कर असेही सांगू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तिला डॉक्टरांकडे न्यावे. आम्ही प्रार्थना अवश्य करू, पण दवाखान्याच्या वाटेवर करू.

आणि पुरुषमंडळींना आमची एक विनंती आहे. सणाच्या जेवणाला भाजी चिरण्यापासून वेदीची फुले रचण्यापर्यंत सगळी कामे आपल्या महिला मंडळाच्या गळ्यात पडतात. मिस्साच्या वेळी रडणारे मूल घेऊन बाहेर जाते तीही आईच. कित्येक मातांनी महिनोन्महिने पूर्ण प्रवचन ऐकलेले नाही. आमच्या प्रवचनाचे सोडा, निदान पवित्र कम्युनियननंतरची शांतता तरी त्यांना मिळावी. येत्या रविवारपासून मूल रडले की वडिलांनी, काकांनी, आजोबांनी उठावे. पुढच्या सणाची भांडी पुरुष घासतील आणि पहिल्या पातेल्याला आम्ही स्वतः हात लावू. यावर हसू येत असेल तर हसावे, पण यावे.

प्रभू येशूने क्रुसावरून, शेवटच्या घटका मोजत असताना, आपल्या आईची व्यवस्था लावली. प्रिय शिष्याला आई दाखवली आणि आईला मुलगा दाखवला. त्या घडीपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले, असे शुभवर्तमान सांगते. पवित्र मरियेलासुद्धा आधाराची गरज होती. मग आपल्या घरातल्या आईला ती नाही, असे आपण कशाच्या जोरावर धरून चालतो?

आज मिस्साहून घरी गेल्यावर आईला, बायकोला, सुनेला एक प्रश्न विचारा. कशी आहेस असा नको, कारण त्याचे उत्तर ठरलेले आहे. काल रात्री किती वाजता झोपलीस, असे विचारा. मग गप्प बसून ऐका आणि ऐकल्यावर तिच्या हातातले एक काम आपल्या हातात घ्या.

प्रभू आपणां सर्वांना, विशेषतः आपल्या सर्व मातांना, आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू